सुफळ संपूर्ण होऊ द्या

प्रति,
मुंबईत बसून मालिका मंजूर करणाऱ्या आणि बंद करणाऱ्या वाहिन्यांच्या व ओटीटी कंपन्यांच्या निर्णयकर्त्यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

श्रावणात आमच्या घरी अजूनही कहाण्या वाचल्या जातात. वाचणारीचा घसा बसो, दारावर कोणी येवो, कुकरच्या शिट्ट्या होवोत, 'ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हटल्याशिवाय पाटावरून कोणी उठत नाही. लहानपणी मी एकदा मधेच उठले होते, तेव्हा आजीने हात धरून पुन्हा खाली बसवलं होतं. आज तुमच्याकडे मी जे मागणार आहे, ते तिच्या त्या हात धरण्यापेक्षा फार वेगळं नाही.

गेल्या पावसाळ्यात एका विज्ञानकथेच्या मालिकेच्या सीझनचा शेवटचा भाग आम्ही सात जणांनी एकत्र पाहिला, भांडुपला, माझ्या घरी. मालिकेचं आणि ती दाखवणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एकीचा नाही. बऱ्याच परदेशी मालिकांचे नवे भाग कॅलिफोर्नियातल्या मध्यरात्री खुले होतात, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबाराला. तिकडे हिवाळ्यात घड्याळं मागे गेली की दीडला. माझ्यासारख्यांना ही वेळ रेल्वेच्या टाइमटेबलासारखी पाठ असते. ज्यांना रजा मिळते ते दुपारीच बघून टाकतात आणि उरलेल्यांना संध्याकाळी ठाणे फास्टमध्ये कान झाकून उभं राहावं लागतं. त्या दिवशी प्रत्येकाचा मोबाइल दारातच काढून घेऊन मी पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवला होता. गिरगावहून एक मैत्रीण आली होती, डोंबिवलीहून ऑफिसातला एक सहकारी आणि त्याची बायको, आणि माटुंग्याला शिकणारा माझा भाचा त्याच्या मित्राला घेऊन. मधोमध खुर्चीत माझी आई.

आईबद्दल थोडं सांगते. ती अठ्ठावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. ऐकलेलं लगेच टिपून ठेवायचं, ही सवय तिच्या हाडात आहे. ही मालिका सुरू झाली तेव्हा तिने एक जुनी डायरी काढली: डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. इंग्रजी सबटायटल्स भराभर जातात म्हणून मी रिमोट हातात धरून थांबवत थांबवत सांगायचे, आणि ती मराठीत लिहायची. 'पहिल्या भागातला रेडिओवरचा आवाज कोणाचा?' 'डॉक्टरीणबाईंना तारीख आधीच कशी माहीत?' असे चौतीस प्रश्न झाले होते. शेवटच्या भागाआधी अकरांची उत्तरं मिळालेली होती. बाकीच्यांसाठी उजवी पानं कोरी ठेवून ती बसली होती.

शेवटचा भाग संपला, म्हणजे एक दरवाजा उघडला, कोणीतरी आत पाऊल टाकलं आणि पडदा काळा झाला. खोलीत कोणी बोलेना. मग आई म्हणाली, "भरल्या ताटावरून उठवलं गं यांनी."

तरीही आम्ही रागावलो नव्हतो. पुढचा सीझन येणार, हे गृहीत होतं. त्या रात्री वाद रंगला तो पाहण्यासारखा होता. आत गेलेला माणूस कोण, यावर भाच्याने कागदावर काळाच्या तीन रेघा आखून दाखवल्या. गिरगावच्या मैत्रिणीचं म्हणणं, तो माणूस महत्त्वाचाच नाही, दरवाजा आतून उघडला की बाहेरून ते महत्त्वाचं. आईने पाच नवे प्रश्न लिहिले. शेवटची गाडी पकडायची म्हणून लोक धावत सुटले आणि जिन्यातही बोलतच होते. चांगल्या मालिकेने माणसांना असं बोलायला लावावं. विज्ञानकथेत तर हेच खरं सुख: जग वेगळ्या नियमांनी बांधलेलं असतं आणि ते नियम शोधायचं काम प्रेक्षकावर सोपवलेलं असतं.

तीन आठवड्यांनी बातमी आली. पुढचा सीझन होणार नाही. दोन ओळींचं निवेदन होतं, त्यात प्रेक्षकांचे आभार होते.

तुमच्या कचेऱ्यांत शेवटच्या भागावरच्या प्रतिक्रिया जमा होत असतील. 'माती केली', 'गुंडाळलं', 'आमचा पोपट केला', एवढंच त्यात दिसत असेल आणि चाहते कशानेच खूश होत नाहीत असा निष्कर्ष निघत असेल. माझी विनंती आहे की या रागाच्या जाती वेगळ्या करून पाहा. नावडता शेवट निराळा, उघडा ठेवलेला शेवट निराळा आणि तोडलेला शेवट निराळा. पहिल्या दोन्हींवर आम्ही भांडतो, आणि त्या भांडणात प्रेम असतं. तिसऱ्यानंतर भांडायलाही काही उरत नाही.

विमान कोसळून बेटावर अडकलेल्या माणसांची अमेरिकी मालिका 'लॉस्ट' घ्या. २३ मे २०१० रोजी तिचा शेवटचा भाग दाखवला गेला. सहा सीझन रहस्यांची गाठोडी बांधून लेखकांनी शेवटी भावनेचा रस्ता धरला, त्यावर लोक अजून तावातावाने बोलतात. 'ते सगळे पहिल्याच विमान अपघातात मेले होते' असं सांगणारा माणूस तुम्हालाही भेटला असेल. मालिकेत याच्या उलट सांगितलं आहे, अगदी शेवटच्या प्रसंगात, स्पष्ट शब्दांत. मग गैरसमज कुठून आला? श्रेयनामावली चालू असताना वाहिनीने स्वतःच्या मनाने रिकाम्या किनाऱ्यावरच्या विमानाच्या अवशेषांची दृश्यं टाकली होती. पुढच्या बातम्यांकडे वळण्यापूर्वी प्रेक्षकाला क्षणभर उसंत मिळावी, एवढाच हेतू होता. पण कोणी वाचलंच नव्हतं, असा त्यातून लोकांनी अर्थ काढला, आणि लेखकांनी सहा वर्षं जपलेली गोष्ट अनेकांच्या मनात कायमची बदलली. शेवटच्या मिनिटांना बाहेरचा हात लागला की काय होतं, ते यावरून दिसतं. आजकाल शेवटचं वाक्य हवेत असतानाच पडदा आक्रसतो आणि कोपऱ्यातून भलत्याच मालिकेची जाहिरात सुरू होते, तेव्हा मला दर वेळी तो किनारा आठवतो. निदान शेवटच्या भागापुरतं हे बंद करा. त्याला खर्च नाही.

तरीसुद्धा 'लॉस्ट'च्या चाहत्यांना शेवट मिळाला. आवडला नाही म्हणायला तरी तो होता.

आता आपल्या गावच्या गोष्टीकडे येते. 'सेन्स एट' ही मालिका २०१५ साली आली. जगातल्या आठ शहरांतली आठ माणसं मनाने एकमेकांशी जोडली जातात, एकाला येणारं कसब दुसऱ्याच्या हाती उतरतं, एकाचं दुखणं दुसऱ्याला जाणवतं. त्या आठांतली एक मुंबईची: कला दांडेकर. औषधांच्या क्षेत्रात काम करणारी, गणपतीच्या देवळात जाऊन त्याच्याशी मनातलं बोलणारी. टीना देसाईने ती भूमिका केली आणि चित्रीकरण मुंबईत झालं. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये आलं, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात ती पाहिली. जगभर पाहिल्या जाणाऱ्या विज्ञानकथेत दांडेकर आडनावाची मुलगी आहे आणि ती केवळ पार्श्वभूमीला नाही, हे पाहून मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

दुसरा सीझन ५ मे २०१७ रोजी आला. शेवटच्या भागात बर्लिनचा वोल्फगांग शत्रूच्या ताब्यात, बाकीचे जण पहिल्यांदाच सदेह एकत्र, आणि तिथेच थांबलं. महिनाही पुरा झाला नव्हता तोच १ जूनला मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं. खर्च मोठा आणि त्या मानाने प्रेक्षक थोडे, हे कारण होतं. मी हिशेबाला नावं ठेवत नाही. आठ शहरांत जाऊन चित्रीकरण करायचं म्हणजे पैसा लागणारच. पण त्यानंतर जे घडलं ते तुम्ही नीट पाहावं. जगभरचे प्रेक्षक उठले, पत्रं गेली, याचिका झाल्या, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला मालिकेच्या एक निर्मात्या लाना वाचोव्स्की यांनी पत्रातून कळवलं की समारोपाचा एक लांब भाग होणार आहे. ८ जून २०१८ रोजी तो आला, अडीच तासांचा. घाईचा होता, काही धागे नुसते टाचून टाकले होते. आम्हाला ते दिसलं नाही असं नाही. पण कलाचं पुढे काय झालं ते कळलं. गणपतीची उत्तरपूजा न करता मूर्ती हलवत नाहीत. दीड दिवसाचा असो नाहीतर अकरा दिवसांचा, निरोपाचे दोन शब्द होतातच. तेवढंच हवं होतं.

या मालिकेच्या निर्मात्यांत जे. मायकल स्ट्राझिन्स्की हे एक नाव आहे. त्याच्या वीस वर्षं आधी याच गृहस्थांनी तुमच्यासमोर ठेवावा असा कित्ता घालून दिला होता. 'बॅबिलॉन फाइव्ह' ही त्यांची मालिका पाच वर्षांची एकच गोष्ट म्हणून आखलेली होती. चौथं वर्ष संपत आलं तेव्हा पाचवं मिळेल याची खात्री नव्हती. त्यांनी काय केलं? पाचव्या वर्षाच्या अखेरीस यायचा तो शेवटचा भाग चौथ्या वर्षातच चित्रित करून ठेवला. मालिका बंद पडली असती तर तोच दाखवून कथा पुरी झाली असती. पुढे दुसऱ्या वाहिनीने पाचवं वर्ष दिलं, तेव्हा तो भाग बाजूला ठेवून चौथ्या वर्षासाठी वेगळा शेवट केला गेला आणि आधी केलेला भाग अखेर २५ नोव्हेंबर १९९८ रोजी दाखवला गेला. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या पश्चात कोणाची आबाळ होऊ नये म्हणून कागदपत्रं करून ठेवावीत, तसं हे झालं. माझ्या मते दूरचित्रवाणीच्या इतिहासात प्रेक्षकाचा याहून मोठा मान कोणी राखलेला नाही.

याच्या शेजारी 'क्वांटम लीप' ठेवा. काळात उड्या मारत घरी परतायची वाट शोधणारा माणूस, पाच सीझन. ५ मे १९९३ रोजी शेवटचा भाग संपल्यावर काळ्या पडद्यावर एक ओळ आली की तो कधीच घरी परतला नाही. त्या ओळीत नायकाच्या आडनावातलं एक अक्षरसुद्धा गाळलं गेलं होतं. पाच वर्षं ज्याच्या परतीची वाट पाहिली, त्याचं नाव निरोपाच्या वेळी तपासायलाही कोणाला सवड झाली नाही. मला ती ओळ वाचून आजही राग येतो.

एकाच हाताची दोन उदाहरणं हवी असतील तर 'डार्क' आणि '१८९९' पाहा. दोन्ही मालिका बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझं या जर्मन जोडीच्या. 'डार्क' तीन सीझनांत संपवायची होती आणि संपवू दिली गेली. गोष्टीत जगबुडीची तारीख २७ जून २०२०, आणि तिसरा सीझन आला तोही नेमका त्याच दिवशी. लॉकडाऊनमध्ये घरात कोंडलेले आम्ही त्या दिवशी फोनवरून एकमेकांना धरून ती पाहत होतो. चार घराण्यांच्या वंशावळी भाच्याने शिधापत्रिकेच्या झेरॉक्सच्या मागे काढल्या होत्या, आणि शेवटी जवळजवळ प्रत्येक रेघ जुळली. '१८९९'सुद्धा तीन सीझनांची आखलेली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, पहिल्या सीझनच्या अखेरीस सगळं चित्रच पालटलं, आणि २ जानेवारी २०२३ ला ती बंद झाल्याचं निर्मात्यांनी सांगितलं. तेच लेखक, तीच बुद्धी, तेच परिश्रम. एकीला उजवी पानं मिळाली, दुसरीला नाही.

आपल्याकडेही हे झालं आहे. हुमा कुरेशीची 'लैला' जून २०१९ मध्ये आली. सहा भाग, आई मुलीच्या शोधात, आणि नेमक्या कड्यावर नेऊन थांबवलेली. दुसरा सीझन आलेला नाही.

आमच्या बाजूचं बोलणंही टाळत नाही. चाहत्यांपैकी काही जण शेवट मनासारखा झाला नाही की लेखकांना शिव्या देतात, नटनट्यांच्या घरच्या फोटोंखाली घाण लिहितात. आमची मालिका बंद झाल्याची बातमी आली त्या रात्री माझा भाचाही मुख्य अभिनेत्रीला काहीबाही लिहायला निघाला होता. मी त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला. तिने काय केलं होतं? तिलाही पुढचं पान मिळालं नव्हतंच. राग काढायची ही रीत चुकीची आहे, आणि हे मी माझ्या लोकांना जिथे बोलायला मिळतं तिथे सांगते. पण पत्र लिहिणं ही रीत चुकीची नाही. १९६७-६८ च्या हिवाळ्यात 'स्टार ट्रेक' बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा चाहत्यांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला. अखेर १ मार्च १९६८ रोजी भाग संपल्यावर वाहिनीला पडद्यावरूनच सांगावं लागलं की मालिका चालू राहणार आहे, आता पत्रं पाठवू नका. तीच मालिका पुढे आमच्या लहानपणी दूरदर्शनवर आली. कोण्या परक्या देशातल्या माणसांनी टपालाची तिकिटं खर्च केली म्हणून भांडुपच्या एका मुलीला अवकाशयान पाहायला मिळालं, असं मी मानते.

तर माझं मागणं. तुम्ही मालिका बंद करूच नका, असं मी म्हणत नाही. बंद कराव्या लागतात. पण ज्या दिवशी पहिला सीझन मंजूर करता, त्याच दिवशी समारोपाच्या एका भागाचा खर्च करारातच बाजूला काढून ठेवा, आणि त्याला कशासाठीही हात लावू नका. मालिका चालली तर तो पैसा पुढच्या सीझनला लावा. नाही चालली तर लेखकाला बोलावून सांगा, हा घे एक भाग, पुरं कर. आणि पुढचा सीझन द्यायचा की नाही, हा निर्णय शेवटच्या भागाचं संकलन हातावेगळं होण्याआधी घ्या. कालच्या आकड्यांवर आजच कळत नाही, हे मला समजतं. मग निदान दोन शेवट लिहून घ्या. नाटकवाले प्रयोगाआधी पर्यायी नट तयार ठेवतात. गोष्टीला पर्यायी शेवट तयार ठेवता येणार नाही का? आणि यातलं काहीच जमलं नाही, तर लेखकाच्या मनात पुढे काय होतं त्याचं एक टिपण त्याच्या परवानगीने छापा. एक पान पुरे. आई ते डायरीत चिकटवेल.

दूरदर्शनच्या काळात मालिका तेरा भागांच्या हिशेबाने मंजूर व्हायच्या. साधनं तुटपुंजी होती, सेट हलायचे, पण तेराव्या भागात काय होणार हे लिहिणाऱ्याला पहिल्या भागाआधी ठाऊक असायचं. आज आपल्या दैनंदिन मालिका एक तर वर्षानुवर्षं ताणल्या जातात, नाहीतर आठ दिवसांत आवरल्या जातात. तो वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

मी हे मराठीत आणि तुम्हालाच लिहिते आहे, कारण मराठी विज्ञानकथेची मालिका तुम्ही आज ना उद्या कराल अशी मला आशा आहे. आपल्याकडे माल कमी नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. लिहिणारे होते जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं, म्हणजे परीक्षकांनी माणूस न पाहता कथा पाहावी. ते गेल्याची बातमी मे २०२५ मध्ये आली, त्या संध्याकाळी आमच्या घरी टीव्ही लावला नाही. त्यांच्यापासून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकरांपर्यंत सगळ्यांनी आम्हाला कथेतून विज्ञान दिलं, आणि ते दिवाळी अंकांच्या मोजक्या पानांत. तिथे 'पुढच्या सीझनला बघू' म्हणायची सोय नव्हती. बारा पानांत जग उभं करायचं आणि तेराव्याच्या आत बंद करायचं. शेवट कुठे आहे हे ठाऊक असलेल्या लोकांची ही परंपरा आहे. तुम्ही त्यांच्या वारसांना बोलावलंत तर ते पहिल्या बैठकीतच शेवट सांगतील. तुम्ही फक्त तो पुरा होऊ द्या.

परवा आईसाठी नवी मालिका शोधत होते. तिकडेही अवकाशयान आहे, तिकडेही कोणीतरी हरवलं आहे. भाच्याने तिची स्तुती केली होती. मी रिमोट हातात घेतला, आईने डायरी मांडीवर घेतली, टोपण उघडलं, आणि मग पुन्हा लावलं.

"आधी सांग," ती म्हणाली, "याचा शेवट लिहिलाय का त्यांनी?"

मला सांगता आलं नाही. डायरी अजून मिटलेलीच आहे, टीव्हीखालच्या खणात. तिच्यात जुने अठ्ठावीस प्रश्न बाकी आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक प्रेक्षक
भांडुप, मुंबई